चावी फिरते, ट्रक गप्प: जुन्या गाडीचं स्विच-वायरिंग तपासायची रीत

पाऊस सरला, गणपती गेले, चिरेखाणींवर पुन्हा हालचाल दिसू लागली की किनाऱ्यालगतच्या गावांत एक प्रकार हमखास होतो. चार महिने मांडवात उभा असलेला जुना ट्रक बाहेर काढायचा म्हणून कोणी चावी फिरवतो आणि डॅशवर काहीच पेटत नाही. नाहीतर दिवे पेटतात, पण सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) फक्त टक् करतो. संशय पहिला जातो चावीच्या स्विचवर, कारण हाताशी तोच असतो. नवा स्विच येतो, बसतो, गाडी चार दिवस नीट वागते आणि परत तेच.

माझं मत सरळ आहे. आपल्या हवेत स्विच क्वचित मरतो, मरतात ते सांधे. सांधा मेलाय की जिवंत आहे हे नुसतं बघून कळत नाही. करंट वाहत असताना मीटर लावून मोजावं लागतं. पहिल्यांदाच जुनी गाडी घेतलेल्याने एवढं शिकून घेतलं तरी वायरिंगवाल्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

आधी गाडीचं घराणं ओळखा

टेल्को (टाटांची ट्रक कंपनी) आणि जर्मनीच्या डाइम्लर-बेंझचा करार १९५४ चा, तो संपला १९६९ मध्ये. पण त्या काळातल्या बऱ्याच पद्धती नंतरच्या टाटांत राहून गेल्या. लेलँडचं कूळ ब्रिटिश. हा इतिहास इथे सांगायचं कारण स्विचच्या पाठीमागे आहे. बॉश या जर्मन पद्धतीच्या स्विचवर आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून थेट आलेला करंट, १५ म्हणजे चावी ‘ऑन’ केल्यावर मिळणारा, ५० म्हणजे सेल्फला जाणारा. ३१ हा आकडा दुसरीकडे कुठे दिसला तर ती अर्थची जोडणी, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे करंट परतायची वाट. ल्युकास या ब्रिटिश पद्धतीत आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरं असतात, त्यांचा अर्थ बॅटरी, इग्निशन, स्टार्ट असाच.

घात होतो रंगांत. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. ल्युकास पद्धतीत तीच तपकिरी वायर म्हणजे फ्यूजशिवाय बॅटरीकडून आलेला थेट करंट. लेलँडवर हात बसलेला माणूस टाटावर आला, किंवा उलट, की ठिणगी इथेच उडते. त्यात चाळीस वर्षांत चार जणांनी मिळेल त्या रंगाची वायर ओढलेली असते. म्हणून रंग हा फक्त अंदाज धरायचा, खात्री टेस्ट लॅम्पने करायची.

गाडी १२ व्होल्टची की २४ ची, हेही पहिल्याच दिवशी बघून घ्या. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ असं नाही. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असेल तर २४. प्लसला प्लस, मायनसला मायनस असेल तर १२ च. अगदी जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत प्लस बॉडीला असतो. तशी गाडी हाती आली तर पुढचं वाचताना तेवढं उलट धरा.

चावी नक्की करते काय

पेट्रोलच्या जुन्या गाडीत १५ वरून करंट कॉइलला जातो, ठिणगी त्याच्यावर. चावी बंद, ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. तिथे चावी डॅशचे दिवे, गेज आणि अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) लाल दिवा जागा करते, आणि शेवटच्या खाचेत सेल्फच्या सोलनॉइडला (सेल्फचा मोठा करंट जोडणाऱ्या विजेच्या खटक्याला) करंट देते. बऱ्याच जुन्या डिझेल ट्रकांत इंजिन बंद करायला वेगळी मूठ ओढावी लागते, तिची दोरी थेट डिझेलच्या पंपाला. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं म्हणून नवा मालक घाबरून वायरी उपटायला लागतो; तसं करू नका, ती गाडीची रीत आहे. पंपावर विजेचा स्टॉप सोलनॉइड असेल तर गोष्ट निराळी. मग १५ चा करंट तुटला की चालती गाडी घाटात बंद पडू शकते.

हात घालण्यापूर्वी

गियर न्यूट्रल, हँडब्रेक वर, चाकाला दोन्ही बाजूंनी चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा. चिरा आपल्याकडे मागायला जावं लागत नाही, त्यामुळे सबब नको. बोटातली अंगठी, हातातलं कडं काढून ठेवा. बॅटरी आणि बॉडी यांच्यामध्ये सापडलेलं कडं क्षणात लाल होतं. बॅटरी सोडताना आधी अर्थची केबल, जोडताना ती शेवटी. बॅटरीशेजारी विडी-सिगारेट नाही, चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आणि गाडीखाली शिरून स्क्रूड्रायव्हरने सोलनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ मारायची जी सवय गावोगाव आहे, ती नवशिक्याने उचलूच नये. गाडी गियरमध्ये राहिली असेल तर डिझेल इंजिन तसंच उठतं आणि मारणारा असतो चाकापुढे.

सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर, लांब वायरींचा टेस्ट लॅम्प, पितळी ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा जोड) दाबायचा चांगला क्रिंपर. यातला टेस्ट लॅम्प मी विकतचा नाही, घरी केलेला वापरतो: ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन क्लिपा. २४ च्या गाडीला २४ चा बल्ब.

विकतच्या पेनात इवलासा दिवा असतो, तो नगण्य करंटवर पेटतो. मल्टिमीटरचंही तेच. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर ऐटीत १२.६ दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर कुजकी असेल तर तो मंद जळून तिचं बिंग फोडतो. ‘करंट तर येतोय की!’ हे वाक्य ज्याने नुसत्या मीटरवर बघून म्हटलं, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बॅटरी

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आलं तर भरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. २४ च्या गाडीला हेच आकडे दुप्पट, पण दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. आपल्याकडे टेप आणि रंगीत दिव्यांसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची खोड आहे. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि दोन्ही लवकर जातात. तशी वायर दिसली तर आजच काढा. टेपला २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो.

टर्मिनलवर पांढरा-निळा फुलोरा असेल तर सोड्याच्या पाण्याने धुवा, मग खुंटी आणि क्लॅम्प दोन्ही आतून चमकेपर्यंत घासा. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प असा उलटा क्रम करू नका.

अर्थ: आपल्याकडचा मुख्य आजार

इथे घाई नको. करंट प्लसने जातो तेवढाच अर्थने परत येतो, पण अर्थकडे कोणी बघत नाही. बॅटरीची अर्थ केबल चेसिसला, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे इंजिन ते चेसिस अशी आणखी एक पट्टी असते. बहुधा विणलेल्या तांब्याची. खारी हवा आणि तांबडा चिखल मिळून ती पट्टी हिरवी, मग काळी आणि मग पापडासारखी कुडकुडीत करतात. हाताने वाकवली की तुकडा हातात येतो.

पट्टी तुटल्याची एक खूण डोळ्यांनी दिसते. सेल्फचा करंट शेकड्यांनी अँपिअर असतो, त्याला परतीचा रस्ता हवाच. पट्टी नसली तर तो ॲक्सिलरेटरच्या किंवा इंजिन बंद करायच्या दोरीतून परततो. सेल्फ मारल्यावर अशी दोरी गरम लागली, तिच्या आवरणातून धूर आला, तर स्विचकडे बघायचं कारणच नाही. आधी पट्टी बदला.

तपासणी अशी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. पेट्रोल असेल तर कॉइलची वायर काढा, डिझेल असेल तर बंद करायची मूठ ओढून धरा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. दुसऱ्याला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ किंवा ०.३ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थ खराब. मग टोक चेसिसवर आणा, केबलच्या लगवर आणा. आकडा जिथे उडी मारतो तिथेच सांधा कुजलाय.

केबिनचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे जुना ट्रक पुष्कळदा नुसता चेसिस आणि काउल (इंजिन आणि केबिनमधला पत्र्याचा भाग) म्हणून विकला जाई, केबिन बॉडीवाल्याने लाकडी सांगाड्यावर पत्रा मारून बांधलेली. लाकूड अर्थ देत नाही. पत्र्याला पत्रा स्क्रूने धरलेला, स्क्रूला गंज. मग इंडिकेटर लावला की पार्किंग लाइट मिचमिचतो, हेडलाइट लावला की गेजचा काटा नाचतो. डॅशखालच्या एका बोल्टपासून चेसिसपर्यंत ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थ वायर ओढा. स्वस्तातलं काम आहे, आणि निम्मी भुतं तिथेच पळतात.

आता स्विच

चावीचा सेट खाली उतरवला की मागे जाड-बारीक वायरी दिसतात. काही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून आकडा लिहा. मग क्रमाने:

१. चावी बंद. ३० वर २१ वॉटचा दिवा लावा, दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला. लख्ख पेटला पाहिजे. नाही पेटला तर दोष स्विचच्या आधी आहे: मुख्य फ्यूज, काउलमधून येणारा कनेक्टर, किंवा सेल्फच्या मोठ्या बोल्टवरून निघणारी फीड वायर.

२. चावी ऑन. १५ वर तोच उजेड हवा. चावी जराशी हलवल्यावर दिवा लपकला तर स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. स्विच दोषी ठरण्याची हीच खरी जागा.

३. चावी स्टार्टला धरून ५० वर दिवा. इथे लख्ख, पण सोलनॉइडच्या टोकाला मंद, तर मधली वायर किंवा कनेक्टर.

चौथी पायरी आकड्यांची, आणि मला सगळ्यात आवडती. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळं सोलनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर, आणि सेल्फ मारा. मीटर आता वाटेत किती व्होल्ट हरवले ते दाखवतो. अर्ध्या व्होल्टपर्यंत उत्तम. एकाच्या वर गेलं तर वाटेत चोर आहे. मग काळं टोक मागे मागे आणत चोराला कोंडीत पकडायचं.

देवगड बाजूच्या एका आंब्याच्या गाडीचं उदाहरण देतो. ड्रायव्हरचं म्हणणं, “स्विच नवो घातलंय, तरी टक् करून गप ऱ्हवता.” बॅटरी ते सोलनॉइड ३.४ व्होल्ट हरवत होते. नव्या स्विचच्या आत फक्त ०.१. वायरींत मिळून ०.४. उरलेले २.९ एका कनेक्टरमध्ये, जो इंजिनच्या बाजूने काउलमध्ये शिरताना बसवलेला असतो. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर त्याला बोट लावलं तर चटका बसत होता. उघडला तर प्लास्टिक एका बाजूने पिवळं पडून वितळलेलं, पितळी पिन हिरव्या भुकटीत बुडालेली, आणि भोकाच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. माती पावसाळाभर ओल धरून बसली होती. नव्या स्विचचे पैसे गेले ते गेलेच. कनेक्टर कापून दोन नवे लग दाबले आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

लक्षणावरून थोडं

सेल्फ मारताच डॅशचे सगळे दिवे विझले तर बॅटरीचा क्लॅम्प किंवा अर्थ. टकटकटक अशी घाईची टकटक आली तर बॅटरी उतरलेली. एकच जोरकस टक् आणि दिवे तसेच, तर सोलनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे ब्रश.

पेट्रोल गाडी सेल्फवर पेटते आणि चावी सोडताच मरते? १५ चा कॉन्टॅक्ट किंवा कॉइलचा बॅलास्ट रेझिस्टर गेला. सेल्फ मारताना कॉइलला रेझिस्टर टाळून करंट मिळतो, चावी परत आली की रेझिस्टरमधून. म्हणून हा चकवा.

लाल चार्जिंग दिवा चावी ऑनला पेटतच नाही म्हणून सोडून देऊ नका. अल्टरनेटरला सुरुवातीचं चेतवणं पुष्कळदा त्याच बल्बमधून मिळतं. बल्ब उडाला की चार्जिंग होत नाही, बॅटरी उतरते आणि शिव्या स्विचला.

चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहिला तर विचार करत बसू नका, मेन कटआउट (बॅटरी तोडायचा मोठा खटका) पाडा किंवा बॅटरीची केबल काढा. मात्र इंजिन पेटलेलं असेल तर आधी मूठ ओढून ते बंद करा आणि मगच बॅटरी तोडा. चालत्या इंजिनवर बॅटरी काढली तर अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

रिले टाका

ट्रकच्या सोलनॉइडला आत खेचताना पंचवीस-तीस अँपिअर, कधी त्याहून जास्त लागतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा भार चावीच्या इवल्या कॉन्टॅक्टवरून जातो. मधे रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा खटका) टाकला की स्विचवरून एक अँपिअरही जात नाही. स्विचच्या ५० ची वायर रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला, रिलेच्या ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची वायर, आणि ८७ वरून सोलनॉइडला. रिले गाडीच्या व्होल्टचाच आणि पुरेशा अँपिअरचा हवा. तो केबिनच्या आत, तोंड खाली करून लावा, म्हणजे पाणी आत साचणार नाही. गाडी मूळ रूपात ठेवायचा हट्ट असणारे यावर नाक मुरडतात. त्यांना मुरडू द्या, रिले डॅशमागे कोणाला दिसत नाही.

सांधा कसा करायचा

दोन वायरी पिळून वर काळी टेप, हा सांधा घाटमाथ्यावर वर्षानुवर्षं चालेल. मालवण-वेंगुर्ल्याला एका पावसात संपतो. खारट ओल तारांच्या फटींतून आवरणाच्या आत चढत जाते. वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. काळ्या तारेवर लग नीट धरत नाही, सोल्डरचा डाग तर बसतच नाही. कितीही कापलं तरी काळंच लागत असेल तर ती वायर पूर्ण बदला.

लग योग्य मापाचा, क्रिंपरने दाबलेला. पक्कडीने चेपलेला नव्हे. वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी. मिळाली तर कल्हई केलेल्या तारांची, बोटीत वापरतात ती वायर घ्या; मच्छीमार बंदरांजवळच्या दुकानांत चौकशी करा. वायर केबिनमध्ये शिरते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, आणि शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तार गुंडाळलेली दिसली तर ती आधी काढा. लाकडी केबिनला आग लागायला तेवढं पुरतं.

पावसाळ्यात उभी ठेवताना

बॅटरी काढून पडवीत फळीवर ठेवा, महिन्याला एकदा चार्ज. चेसिसखालचा भाग, अर्थचे बोल्ट आणि सेल्फची जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकल्यावर बोल्टांना ग्रीस. मासळी वाहणाऱ्या गाडीला हे पावसाळ्याची वाट न बघता करावं, बर्फाचं खारं पाणी सगळं चेसिसवरच ओघळतं. काउलची उघडी भोकं रबरी बुचांनी बंद करा, कुंभारीण आणि उंदीर दोघांनाही. केबिनमध्ये भाताचं पोतं किंवा पेंढा ठेवू नका. उंदीर येतो दाण्यासाठी आणि दात घासतो वायरीवर.

आणि डॅशमागची अर्ध्याहून जास्त वायर काळी निघाली, आवरण वाकवताच तडकतंय, तर ठिगळं लावत बसू नका. सबंध लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, नवा करून घ्या. काम वायरिंगवाल्याकडे द्या, पण तुम्ही लावलेल्या आकड्यांच्या टेपा आणि फोटो त्याच्या हातात ठेवा, आणि काम संपल्यावर प्रत्येक फ्यूजसमोर तो कशाचा आहे हे त्याच्याकडूनच लिहवून घ्या.